कुत्र्यांतील रक्तविलयी पांडुरोग व त्याची शुश्रूषा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथे उन्हाळा फार कडक नसतो आणि हिवाळाही गोठविणारा नसतो. माणसांना सुखावणारी ही हवा एका लहानशा तपकिरी जीवालाही तितकीच मानवते. हा जीव म्हणजे कुत्र्याच्या अंगावरील गोचीड होय. थंड देशांत बर्फ पडू लागले की मोकळ्या जागेतील गोचिडांचा उपद्रव काही महिने ओसरतो. बंगळुरात असा खंड पडत नाही. म्हणूनच कुत्र्यांच्या रक्ताच्या ज्या गंभीर विकाराचा येथे विचार करावयाचा आहे, त्याची चर्चा या शहरात गोचिडाला वगळून करता येत नाही.

या विकाराचे शास्त्रीय नाव स्वयंप्रतिरक्षी रक्तविलयी पांडुरोग असे आहे. नाव लांबलचक असले तरी त्याचा अर्थ सरळ आहे. कुत्र्याच्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे ११० दिवस जगते. जीर्ण झालेल्या पेशी पांथरी व यकृत या अवयवांत मोडीत काढल्या जातात आणि हाडांच्या मगजात त्यांच्या जागी नव्या तयार होतात. हा व्यवहार एरवी इतका संथपणे चालतो की त्याची जाणीवही होत नाही. या रोगात मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच तांबड्या पेशींना परके समजू लागते. परक्या जंतूंना चिकटावयाचे ते प्रतिपिंड या पेशींच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि अशी खूण झालेली पेशी, ती कितीही ताजी असो, पांथरीतील भक्षक पेशींच्या तावडीत सापडते. काही वेळा पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. मगज नव्या पेशी बनविण्याची शिकस्त करतो, परंतु पूर्ण वेगाने काम सुरू होण्यास त्याला तीन ते पाच दिवस लागतात आणि नाश त्याहून पुष्कळ वेगाने होत असतो.

शरीर स्वतःवरच शस्त्र धरील ही कल्पना एकेकाळी वैद्यकाला मान्य नव्हती. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख याने १९०१ च्या सुमारास असे प्रतिपादन केले होते की, अशा आत्मघाताचे शरीराला जणू भयच असते आणि तो टाळण्याची व्यवस्था निसर्गाने करून ठेवलेली असते. पुढे तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये, डोनाथ व लँडस्टायनर यांनी थंडीमुळे मूत्र तांबडे होणाऱ्या रुग्णांत नेमका असाच प्रकार घडतो हे दाखवून दिले. योगायोग असा की, कुत्र्यांत रक्ताचे विकार निर्माण करणाऱ्या एका जंतूच्या प्रजातीला पुढे एर्लिखचेच नाव देण्यात आले. एर्लिखिया कॅनिस हा जंतू १९३५ मध्ये अल्जीरियात प्रथम आढळला. त्याचा प्रसार करणारी तपकिरी गोचीड बंगळुरातील घराघरांत आढळते.

रोगाची सुरुवात पुष्कळदा फसवी असते. कालपर्यंत दारावरची घंटा वाजताच धावून जाणारा कुत्रा आज नुसती मान उचलून पाहतो. जिना चढताना तो मध्येच थांबतो. अन्नाकडे पाठ फिरवतो. उन्हाने किंवा अपचनाने असे झाले असेल अशी मालकाची समजूत होते आणि एक-दोन दिवस वाया जातात. हे दिवस मोलाचे असतात. ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबल्यास तेथे पांढरा ठिपका पडतो आणि दोन सेकंदांच्या आत तो पुन्हा गुलाबी होतो. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. रंग फिका, पांढुरका अथवा पिवळसर दिसला, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे.

निदानाची पहिली पायरी साधी आहे. रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात मिठाचे विशिष्ट प्रमाणातील पाणी मिसळतात. पेशी सुट्या न होता दाणेदार गुठळ्या धरून राहिल्या, तर प्रतिपिंडांनी त्यांना एकमेकींशी बांधले असावे असा संशय बळावतो. सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक खूण दिसते. कुत्र्याची निरोगी तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असते, त्यामुळे तिचा मध्यभाग फिका दिसतो. भक्षक पेशींनी जिच्या आवरणाचा लचका तोडला आहे अशी पेशी आक्रसून गोल होते आणि तिचा फिका मध्य नाहीसा होतो. अशा गोलपेशी पुष्कळ दिसल्या तर पुरावा भक्कम होतो. शंका उरल्यास १९४५ मध्ये माणसांच्या रक्तासाठी शोधलेली आणि पुढे कुत्र्यांसाठी योजलेली कूम्ब्सची चाचणी करतात. रक्ताच्या एकूण घनफळात पेशींचे प्रमाण निरोगी कुत्र्यात साधारणतः ३७ ते ५५ टक्के असते; या रोगात ते १५ टक्क्यांच्याही खाली घसरू शकते.

येथवरचा मार्ग जगात कोठेही सारखाच आहे. यापुढे मात्र रुग्ण कोठे राहतो याला महत्त्व येते. प्रतिकारयंत्रणा का बिघडली याचे कारण अनेक कुत्र्यांत सापडत नाही; कॉकर स्पॅनियलसारख्या काही जातींत रोगाचे प्रमाण अधिक आढळते, एवढेच सांगता येते. परंतु काहींत या बिघाडाला एखादा संसर्ग कारणीभूत असतो. २०१९ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांच्या मंडळाने या प्रश्नावरील उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा कुत्र्यांच्या बाबतीत सर्वांत सबळ पुरावा बाबेसिया गिब्सोनी या परजीवीविरुद्ध आढळला. हा परजीवी दक्षिण भारताला नवा नाही. पॅटन या संशोधकाने १९१० मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, ते मद्रास येथील शिकारी कुत्र्यांच्या रक्तावरूनच. पुढे तो कोल्ह्यांच्या रक्तातही सापडला. तो तांबड्या पेशीच्या आत शिरून राहतो आणि गोचिडांमार्फत, कुत्र्यांच्या झुंजीतील चाव्यांतून किंवा दूषित रक्त चढविल्याने पसरतो.

खरा पेच येथेच उभा राहतो. स्वयंप्रतिरक्षी रोगावरील उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून टाकणे. परजीवीवरील उपचारात मात्र त्याच प्रतिकारशक्तीचे साहाय्य हवे असते. परजीवी दडलेला असताना केवळ प्रतिकार दडपला, तर कुत्रा दोन दिवस सुधारल्यासारखा दिसतो आणि नंतर खचतो. उलट परजीवीचा शोध लागेपर्यंत हात बांधून बसावे तर तेवढ्यात पेशींचा नाश जिवावर बेततो. बाबेसिया गिब्सोनी हा जेमतेम एक ते तीन मायक्रॉन आकाराचा असल्यामुळे काचपट्टीवर तो सहज निसटतो. ‘काही दिसले नाही’ या अहवालाचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. त्यासाठी जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. तिचा निकाल येईपर्यंत अनेक पशुवैद्य दोन्ही आघाड्यांवर एकदम उपचार सुरू करतात आणि ते योग्यच आहे. मात्र औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी रक्ताचा नमुना काढून ठेवला पाहिजे. मालकाने एवढी एक गोष्ट विचारण्यास संकोच करू नये. गोचीड कधी दिसली होती, कुत्रा कोणत्या गावाहून आणला, अलीकडे कोणती लस वा औषध दिले, ही माहितीही त्याने आठवून सांगावी. ती प्रयोगशाळेतून मिळत नाही.

उपचारांतील मुख्य औषध प्रेडनिसोलोन होय. ते ज्या कुळातले, त्या कॉर्टिसोनचा प्रभाव १९४८-४९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णांवर प्रथम दिसून आला. रोग तीव्र असल्यास अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट किंवा सायक्लोस्पोरिन यांपैकी एखादे औषध जोडीला देतात. ही बहुतेक औषधे माणसांच्या औषधांच्या दुकानातच मिळतात. या रोगात पुष्कळ कुत्री दगावतात ती रक्त कमी पडल्यामुळे नव्हे, तर फुप्फुसातील वा अन्य ठिकाणच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे. पेशी फुटत असताना रक्त गोठण्याची प्रवृत्ती विलक्षण वाढते. म्हणून क्लोपिडोग्रेलसारखे गुठळी-प्रतिबंधक औषध आरंभापासूनच दिले जाते. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात.

तांबड्या पेशी फारच कमी झाल्यास रक्त चढवावे लागते. प्राण्याकडून प्राण्याला रक्त देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग १६६५ मध्ये ऑक्सफर्ड येथे रिचर्ड लोअर याने केला, तो दोन कुत्र्यांवरच. माणसाप्रमाणे कुत्र्यांचेही रक्तगट असतात. परंतु सर्वांत महत्त्वाच्या गटाविरुद्धचे प्रतिपिंड त्यांच्या रक्तात जन्मतः नसतात, त्यामुळे पहिल्या वेळचे रक्त बहुधा निभावून जाते. दुसऱ्या वेळी मात्र जुळणी तपासल्यावाचून धोका पत्करू नये. दाता कुत्रा तरुण, निरोगी व साधारणतः २५ किलोहून अधिक वजनाचा असावा. बंगळुरात हेब्बाळ येथे १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि खाजगी रुग्णालयेही पुष्कळ आहेत. तरीही रात्री-अपरात्री दाता मिळविण्याचा भार अनेकदा मालकाच्या ओळखीपाळखीवरच पडतो. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने प्राण्यांच्या रक्तपेढ्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली ती २०२५ मध्ये. घाईत आणलेल्या दात्याबाबत आणखी एक भय असते. वरकरणी धडधाकट दिसणारा शेजारचा लॅब्रेडॉर बाबेसियाचा मूक वाहक असू शकतो. ज्याच्यामुळे रोग उद्भवला असण्याची शक्यता आहे तेच पुन्हा बाटलीतून शरीरात जाणे, याहून मोठे दुर्दैव नाही.

रुग्णालयातून कुत्रा घरी आला म्हणजे शुश्रूषेचे दीर्घ पर्व सुरू होते. प्रेडनिसोलोनमुळे त्याला विलक्षण तहान व भूक लागते आणि रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला न्यावे लागते. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला याचा अर्थ सांगावयास नको. घरात लघवी झाली म्हणून त्याला रागावणे हा अन्याय आहे आणि पाणी कमी देणे हा तर अपराधच. त्याचे पोट सुटते, पाठीवरचे मांस झडते, तो बसल्याजागी धापा टाकतो. यांतले बहुतेक बदल औषध कमी झाल्यावर मावळतात. झोपेतील श्वास मोजण्याची सवय ठेवावी. मिनिटाला तीसहून अधिक श्वास सातत्याने होऊ लागले किंवा एकाएकी दम लागला, तर गुठळीची शंका घ्यावी. शौच डांबरासारखे काळे झाल्यास जठरात रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्या उघड्या हातांनी तोडू नयेत आणि घरातील गर्भवती स्त्रीने त्या हाताळू नयेत.

आहाराविषयी आपल्याकडे एक सूचना विशेष आवश्यक आहे. उरलेली आमटी-भाजी पोळीत कुस्करून कुत्र्याला घालण्याची रीत घरोघर आहे. कांदा व लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या पेशींना अपाय करतात. ज्याच्या पेशी आधीच फुटत आहेत त्याला फोडणीचे अन्न देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. ताप वाटला म्हणून घरातील पॅरासिटामॉल देणे किंवा लंगडतो म्हणून वेदनाशामक गोळी देणे हेही तितकेच घातक ठरू शकते.

लसींचा प्रश्न अवघड आहे. लसीमुळे रोग उलटतो याचा पुरावा सबळ नाही, तरी प्रतिकारयंत्रणेला विनाकारण डिवचू नये म्हणून उपचार चालू असताना लसी लांबणीवर टाकण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. परंतु भारतात रेबीज ही दूरची शक्यता नव्हे. ज्या गल्लीत मोकाट कुत्री फिरतात तेथे रेबीजची लस किती काळ टाळावी हे पशुवैद्याशी बोलून ठरवावे आणि तोवर कुत्र्याला साखळीवाचून बाहेर सोडू नये.

सर्वांत मोठी चूक होते ती कुत्रा बरा दिसू लागल्यावर. तो उड्या मारतो, हिरड्या गुलाबी झालेल्या असतात आणि औषधाचे दुष्परिणाम तेवढे डोळ्यांत खुपत असतात. मग गोळ्या बंद केल्या जातात. बाहेरून दीर्घकाळ औषध मिळाल्यामुळे अधिवृक्क ग्रंथींनी आपले काम जवळजवळ सोडलेले असते. औषध एकदम थांबल्यास त्या लगेच जाग्या होत नाहीत आणि कुत्रा कोसळू शकतो. रोगही उलटू शकतो. म्हणून मात्रा दर दोन-तीन आठवड्यांनी रक्ततपासणी करून मगच थोडी थोडी उतरवतात. संपूर्ण उपचाराला बहुधा चार ते आठ महिने लागतात. इतका काळ खर्च झेपेल काय, घरी कोणी सतत राहू शकेल काय, हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यासमोर मोकळेपणाने मांडावेत. प्रयत्न करूनही काही कुत्री वाचत नाहीत हेही त्याच वेळी ऐकून घ्यावे.

दरम्यान गोचिडांचा पाठपुरावा थांबता कामा नये. तपकिरी गोचीड आपल्या आयुष्याचा फार थोडा भाग कुत्र्याच्या अंगावर काढते. उरलेला काळ ती भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे, अंथरुणाच्या शिवणीत दडून असते. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि पूर्ण वाढलेली गोचीड कित्येक महिने उपाशी राहू शकते. तिला मारणारी गोळी अथवा मानेवर लावावयाचे औषध कुत्र्याला ठरल्या तारखेला द्यावेच, शिवाय भेगा बुजवाव्यात, अंथरूण कढत पाण्यात धुवावे आणि फिरून आल्यावर कानांच्या आत व बोटांच्या बेचक्यांत रोज चाचपून पाहावे. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी आणि बोटांनी न चिरडता स्पिरिटच्या बाटलीत टाकावी.