पार्लें कीं ठाणें?

नोकरीधंद्यानिमित्त मुंबईस येणाऱ्या, अगर गिरगांव-दादरच्या जुन्या चाळींतून बाहेर पडूं पाहणाऱ्या मराठी कुटुंबापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो : बिऱ्हाड थाटावयाचें तें कोठें? पुष्कळ घरांतून हा वाद अखेरीस दोन नांवांपाशीं येऊन थांबतो. एक विलेपार्लें व दुसरें ठाणें. दोहोंचेहि अभिमानी सारखेच कडवे असल्यामुळें वाद रंगतो खरा, पण निकाल लागत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही दोन्ही गांवें एकाच बेटावर वसलेलीं आहेत, याची आठवण हल्लीं कोणासहि राहिलेली नाहीं. साष्टी हें तें बेट. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी व पूर्वेस ठाण्याची खाडी, अशा त्याच्या सीमा आहेत. बेटाच्या मधोमध डोंगर असून त्यांत कान्हेरीचीं लेणीं व संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. पार्लें या डोंगराच्या नैर्ऋत्येस, समुद्राकडच्या अंगास आहे. ठाणें पूर्वेस, खाडीच्या कांठीं आहे. हवा, पाणी, रेल्वे व बाजार या सर्व बाबतींत दोहोंमध्यें जो फरक पडला, त्याचें मूळ बव्हंशीं या डोंगराच्या दोन बाजूंत आहे.

पार्ल्याचें वैशिष्ट्य असें कीं, तेथील संस्था तेथल्या रहिवाशांनींच उभारल्या. लोकमान्य टिळकांचें देहावसान १९२० सालीं झालें. पुढल्याच वर्षीं पार्ले टिळक विद्यालय निघालें आणि १९२३ सालीं लोकमान्य सेवा संघाची स्थापना झाली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत सत्याग्रहींची छावणी पार्ल्यासच पडली होती. पु. ल. देशपांडे यांचें बालपण व शिक्षण याच गांवीं झालें. १९५० सालीं पार्लें बृहन्मुंबईंत सामील झालें, तरी पूर्वेकडील वस्तींत गांवपण अद्याप शिल्लक आहे. शाळा, वाचनालय, भाजीबाजार, देऊळ, व्याख्यानाचें सभागृह आणि दवाखाना हीं सर्व पायीं जातां येतील इतकीं जवळ आहेत. सत्तरी उलटलेल्या माणसास कोणाचाहि हात न धरतां सायंकाळीं बाहेर पडतां यावें, हें सुख लहान नव्हे.

परंतु या सुखाचें मोल जबर आहे. पार्लें आकारानें लहान, व मागणी मोठी. तेव्हां जागेचा भाव मध्यम स्थितींतील कुटुंबास झेपत नाहीं. विमानतळ अगदीं लगत असल्यानें इमारतींच्या उंचीवर निर्बंध आहेत. त्यामुळें आकाश थोडें मोकळें राहिलें हें खरें. पण जुन्या इमारतींची पुनर्बांधणी त्याच पायीं अडून बसते, आणि विमानांचा घोष रात्रंदिवस ऐकावा लागतो तो निराळाच. पावसाळ्याचीहि आठवण ठेवावी. २६ जुलै २००५ रोजीं शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळमजल्यावरची जागा पाहतांना हा आंकडा विसरूं नये.

ठाण्याची गोष्ट निराळी. तें उपनगर नव्हे. स्वतःचा इतिहास असलेलें शहर आहे. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टी पोर्तुगीजांकडून जिंकली तेव्हां ठाण्याचा किल्ला त्यांच्या हातीं आला. १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांनीं घेतला. आज त्यांत तुरुंग आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली या देशांतील पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यासच येऊन थांबली. मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ सालीं येथें झाली. गडकरी रंगायतन १९७८ पासून आहे, आणि २०१० सालचें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनहि ठाण्यांतच भरलें होतें. मासुंदा तलाव, त्याच्या कांठचें कौपिनेश्वराचें देऊळ, नौपाडा, घंटाळी हा जो जुना भाग, त्यांत पार्ल्याइतकीच आपुलकी आहे. १९८२ सालीं ठाण्यास महानगरपालिका झाली, व पुढें घोडबंदर रस्त्याच्या दोहों बाजूंस उंच इमारतींचें एक नवेंच शहर उभें राहिलें.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. 'ठाण्यास जागा घेतली' असें म्हणतांना ती जुन्या ठाण्यांत कीं घोडबंदर रस्त्यावर, हें आधीं पाहावें. दूरच्या वस्तींतून स्टेशन गांठावयासच गर्दीच्या वेळीं इतका अवधी लागतो कीं, खोल्यांत झालेला लाभ रस्त्यांत खर्ची पडतो. पाण्याचीहि चौकशी करावी. कारण ठाण्यास पाणी एकाच ठिकाणाहून येत नाहीं. महानगरपालिकेची स्वतःची योजना, औद्योगिक विकास महामंडळ, मुंबई महानगरपालिका असे अनेक पुरवठे असून भागाभागांत फरक पडतो. शिवाय ठाणें डोंगराआड असल्यानें समुद्राचा वारा तेथें थेट पोंचत नाहीं. वैशाखांतील दुपार पार्ल्यापेक्षां कडक जाते.

आतां रेल्वेविषयीं. पार्लें पश्चिम रेल्वेवर आहे. बहुतेक जलद गाड्या तेथें न थांबतां अंधेरीस थांबतात. ठाणें मध्य रेल्वेवर. तेथें जलद गाड्या थांबतात, कांहीं गाड्या तेथूनच सुटतात, लांबच्या कित्येक गाड्याहि मिळतात आणि २००४ पासून वाशीकडे जाणारा मार्ग झाला आहे. एका अंगाहून दुसऱ्या अंगास जावयाचें तर घाटकोपर ते अंधेरी ही २०१४ सालीं सुरू झालेली मेट्रो उपयोगी पडते. तरी रोज तसें करणें कष्टाचेंच. हल्लीं मुलगा व सून दोघेंहि नोकरी करतात, नातवंडें कॉलेजांत जातात. तेव्हां एकट्या कर्त्या पुरुषाच्या कचेरीवरून गांव ठरविणें न्याय्य नाहीं. घरांतील प्रत्येकाच्या रोजच्या प्रवासाचे तास एका कागदावर मांडून त्यांची बेरीज करावी. निम्मा वाद तेथेंच मिटेल.

उरलेला निम्मा मात्र बेरजेनें मिटणारा नाहीं. जितक्या पैशांत पार्ल्यास दोन खोल्या मिळतात, तितक्यांत ठाण्यास बहुधा एक खोली अधिक मिळते. ही एक खोली म्हणजे काय, याचा विचार करावा. ती नसली म्हणजे 'तूर्त आईवडिलांनीं गांवींच राहावें' असें ठरतें. हें तूर्त पुढें कायमचें होतें. अगर दोघां भावांपैकीं एक निराळें घर पाहतो, आणि गणपती व श्राद्धपक्ष यांपुरतींच माणसें एकत्र येतात. कुटुंबें भांडणानें मोडतात तितकींच तीं खोल्यांच्या हिशेबानेंहि मोडतात, आणि या दुसऱ्या मोडण्याचा आवाज कोणास येत नाहीं.

म्हणून आमचें मत असें : ज्यांची जागा पूर्वींपासूनच पार्ल्यास आहे, त्यांनीं मोठ्या घराच्या लोभानें ती सोडूं नये, वृद्धांचा पायाखालचा रस्ता व साठ वर्षांचे शेजारी विकत मिळत नाहींत. त्याचप्रमाणें घरांत दोघेंतिघेंच असून सर्वांची कामें पश्चिम रेल्वेच्या अंगास असतील, तर पार्ल्यांतील लहान जागाहि पुरे. परंतु तीन पिढ्यांना एका छपराखालीं नांदावयाचें असेल, आणि नव्यानेंच जागा घ्यावयाची असेल, तर आमचा कौल ठाण्यास आहे; तोहि जुन्या ठाण्यास, स्टेशनपासून पायीं जातां येईल अशा जागेस. इमारत थोडी जुनी असली तरी चालेल.

निर्णयापूर्वीं एक गोष्ट अवश्य करावी. श्रावणांतील एखाद्या भर पावसाच्या दिवशीं घरांतील सर्वांत वडील माणसास बरोबर घेऊन ती जागा पाहावी. स्टेशनापासून घरापर्यंत तीं कशीं चालतात, वाटेंत कोठें टेकतात, भाजी व औषध कोठें मिळेल याची चौकशी करतात कीं मुकाट्यानें परत फिरतात, तें पाहावें. ज्या घरीं दिवसाचे बाराहि तास त्यांनाच काढावयाचे आहेत, त्या घराविषयीं पहिला शब्द त्यांचा असावा.