लोकनायक अणे आणि नागपूरचे मत

सव्वीस जानेवारी हा साऱ्या राष्ट्राच्या उत्सवाचा दिवस. विदर्भाने तो आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावयास हवा. १९६८ साली याच दिवशी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांनी देह ठेवला. त्या वर्षीच्या पद्मविभूषण सन्मानितांत त्यांचे नाव होते. सरकारने त्यांचा गौरव करावा आणि त्यांनी तो स्वीकारण्यास उरू नये, असा काहीसा तो योग होता. आज ध्वजवंदन करून घरी परतणाऱ्या नागपूरकरांपैकी कितीजणांस या योगाची आठवण होते, हे आम्ही सांगू शकत नाही. ज्या शहराने त्यांस दोनदा लोकसभेत पाठविले, त्या शहरास तरी ती व्हावी, असे आम्हांस वाटते.

१९२४ साली अणे प्रथम दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९६७ साली तिसरी लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा ते तिचे सभासद होते. या त्रेचाळीस वर्षांत खंड पडले, पण पारतंत्र्यातील कायदेमंडळ आणि स्वातंत्र्यातील लोकसभा ही दोन्ही सभागृहे आतून पाहिलेली जी थोडी माणसे, त्यांत ते एक होते. मात्र या काळातील त्यांच्या पक्षांची आणि पदांची नुसती जंत्री कोणी वाचली, तर त्याचा गोंधळ उडेल. टिळकांचे अनुयायी, स्वराज्य पक्षाचे सभासद, १९२६ मध्ये केळकर, जयकर व मुंजे यांच्याबरोबर प्रतियोगी सहकारितेच्या पक्षाचे पुढारी, १९३० मध्ये सत्याग्रही कैदी, १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, १९३४ मध्ये पंडित मालवीयांच्या संगतीने त्याच काँग्रेसच्या धोरणाविरुद्ध उभे, १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, १९४८ मध्ये बिहारचे राज्यपाल, आणि शेवटी अपक्ष खासदार! अस्थिरपणाचा आरोप करावयाचा, तर सामग्रीस तोटा नाही, आणि त्यांच्या हयातीत तो करणारेही होते.

आम्हांस तो आरोप मान्य नाही. अण्यांनी बाके पुष्कळ बदलली, परंतु प्रत्येक वेळी त्यांचा मापदंड एकच होता. सत्तेत शिरून लोकांचे काम होत असेल तर शिरावे, विरोधाने होत असेल तर विरोध करावा, आणि ज्या जागी बसून आपले खरे मत सांगता येत नाही ती जागा सोडावी. टिळकांनी प्रतियोगी सहकारिता म्हणून जे शिकविले, ते अण्यांनी आयुष्यभर पाळले. एकदा मात्र ते पाळण्यास त्यांना फार उशीर झाला. त्याचा विचार पुढे करू.

मूळचे ते वणीचे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, अमरावतीस एका खाजगी शाळेत काही वर्षे शिक्षक होते आणि १९०८ पासून यवतमाळास वकिली करू लागले. (फळ्यापुढे उभे राहून ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्या आमच्यासारख्यांस अण्यांच्या पुढच्या भाषणांतील सावकाश, विषयाचे अंग न् अंग उलगडणारी पद्धत ओळखीची वाटते. वकील घाईने बोलतो. मास्तर शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असे बोलतो.) संस्कृतावर त्यांचे प्रेम इतके, की टिळकचरित्रावर ‘तिलकयशोर्णव’ हे महाकाव्य त्यांनी रचले आणि त्यास त्यांच्या निधनानंतर १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीशी त्यांचे नाते काय होते हेही सांगितले पाहिजे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. १९२८ साली ग्वाल्हेरीस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला, तेव्हा वऱ्हाडापुढे प्रश्न होता तो समुद्राचा. येथे मीठ पिकत नाही. परंतु येथल्या शेतकऱ्यास जंगलखात्याचा जाच मिठाच्या करापेक्षा जवळचा होता. गुरांना गवत आणि चुलीला लाकूड यांवाचून त्याचे पान हलत नव्हते. कायदेमंडळातील जागा सोडून आलेल्या अण्यांनी जुलै महिन्यात पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापले आणि ते तुरुंगात गेले. ज्या माणसास काही वर्षांपूर्वी सहकारितावादी म्हणून हिणविले होते, तोच वऱ्हाडातील जंगल सत्याग्रहाचा म्होरक्या ठरला. त्याच्या आधी दोन वर्षे नेहरू समितीच्या अहवालावर त्यांची सही झाली होती. घटनेचा मसुदा करणे आणि विळ्याने गवत कापणे ही त्यांच्या लेखी परस्परविरोधी कामे नव्हती.

१९३२ च्या जातीय निवाड्याचा प्रश्न याच जातीचा. काँग्रेसने तो स्वीकारावयाचाही नाही आणि नाकारावयाचाही नाही, असे धोरण ठरविले. मालवीय व अणे यांनी ते अमान्य केले आणि काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढून निवडणूक लढविली. आदल्या वर्षी ज्या संघटनेचे हंगामी अध्यक्षपद भूषविले, तिचेच धोरण उघडपणे नाकारावयाचे, हे आजच्या राजकारणात कल्पनेतही येत नाही. विभक्त मतदारसंघांचे पुढे या देशात काय झाले, हे ज्ञात आहे. तथापि अण्यांची बाजू बरोबर निघाली म्हणून आम्ही त्यांची वाखाणणी करीत नाही. मत देण्याची वेळ आली असता मत न देणे हे धोरण होऊ शकत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते म्हणणे चुकीच्या बाजूने मांडले असते तरी सन्मान्य ठरले असते.

आता त्या उशिराविषयी. १९४१ मध्ये अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर गेले. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. १९४२ च्या ऑगस्टात काँग्रेसचे सारे पुढारी गजाआड झाले, तेव्हाही ते मंडळावर होते. १६ ऑगस्टला चांदा जिल्ह्यातील चिमूरला उठाव झाला, त्यात सरकारी अंमलदार मारले गेले, आणि मग लष्कर व पोलीस तेथे पोचले. गावातील बायकांवर झालेल्या अत्याचारांच्या हकीकती बाहेर येऊ लागल्या. चिमूर म्हणजे अण्यांच्या वणीपासून फार दूरचा मुलूख नव्हे. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी चौकशीची मागणी घेऊन दिल्लीस अण्यांच्या बंगल्यावर गेले आणि पदरी निराशा पडल्यावर त्यांच्याच दारात त्यांनी उपोषण आरंभिले. सरकारने त्यांना पकडून वर्ध्यास आणून सोडले. उपोषण सुटले नाही. ते त्रेसष्ट दिवस चालले. त्याच्या बातम्या छापण्यास बंदी झाली आणि त्या बंदीच्या निषेधार्थ १९४३ च्या जानेवारीत देशातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. आमच्या व्यवसायाच्या इतिहासातील तो एक न निघालेला अंक आम्ही निघालेल्या पुष्कळ अंकांपेक्षा मोलाचा समजतो.

वैदर्भीय गावासाठी वैदर्भीय पुढाऱ्याच्या दारी एक अनशनकर्ता बसतो आणि तो पुढारी आपले आसन सोडीत नाही, याचे समर्थन आम्ही करू शकत नाही. आत राहून काही साधेल अशी आशा अण्यांना असेल. आत बसणाऱ्या प्रत्येकास ती असते. जानेवारीत भन्साळींचे उपोषण सुटले. १० फेब्रुवारीस आगाखान महालात गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू झाले, आणि त्यांच्या सुटकेस सरकार नकार देते असे दिसताच होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि अणे या तिघांनी राजीनामे दिले. जे चिमूरने साधावयास हवे होते, ते पुण्याने साधले. राजीनामा खरा होता. तो तीन महिने अगोदर आला असता, तर अण्यांच्या चरित्रातील सर्वांत तेजस्वी पान विदर्भाच्या नावे लिहिले गेले असते.

यानंतर सिलोनात हिंदुस्थानचे प्रतिनिधित्व, काही काळ घटना समिती, आणि १९५२ पर्यंत पाटण्याचे राजभवन. एखाद्याने येथे थांबून संस्कृत श्लोक रचीत उर्वरित आयुष्य घालविले असते. अण्यांनी तसे केले नाही, आणि येथूनच नागपूरचा त्यांच्याशी खरा संबंध सुरू होतो.

टिळकांचा शिष्य, मराठी संमेलनाचा अध्यक्ष, आणि तो मराठी भाषकांच्या एकत्र राज्यास विरोध करतो! पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांना हे कोडे वाटले, काहींना द्रोह वाटला. परंतु ज्याने वऱ्हाडचा इतिहास पाहिला आहे त्यास कोडे पडू नये. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला. कापसाच्या या सुपीक मुलखाचा महसूल आपल्यावर पुरेसा खर्च होत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची. तिच्यातूनच १९३८ साली प्रांतिक कायदेमंडळात वेगळ्या विदर्भाचा ठराव संमत झाला. त्या वेळी समोर हिंदी भाषक महाकोशल होता. पुणे वा मुंबई नव्हती. मोठ्या घरातला धाकटा भाऊ होऊन राहणे काय असते, याचा अनुभव अण्यांच्या पिढीने घेतलेला होता. थोरल्याची भाषा बदलल्याने धाकट्याचा वाटा वाढतो, यावर त्यांचा विश्वास बसला नाही. भाषा एक असणे आणि तिजोरी एक असणे या दोन गोष्टी त्यांनी निराळ्या मानल्या.

हा केवळ एका वृद्धाचा हट्ट नव्हता. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली आठ जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती बाजूस सारण्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि जवळजवळ शंभर वर्षे राजधानी असलेले नागपूर एका दिवसात जिल्ह्याचे ठिकाण झाले. त्या काळी कचेऱ्यांतून फायलींचे गठ्ठे आणि कारकुनांची बिऱ्हाडे कशी हलली, हे सिव्हिल लाइन्सच्या जुन्या कुटुंबांतून अजूनही सांगितले जाते.

नागपूरच्या खासदार अनसूयाबाई काळे यांच्या निधनाने जागा रिकामी झाली. आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांसाठी झटलेली ही बाई. आणि तिच्या जागी उभे राहिले ते चिमूरच्या वेळी आसन न सोडणारे अणे! इतिहासाच्या मनात काय असते, ते त्याचे त्यालाच ठाऊक. १९५९ च्या त्या पोटनिवडणुकीत नागपूरने अपक्ष अण्यांस निवडून दिले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र व गुजरात यांच्या निर्मितीचे विधेयक लोकसभेपुढे आले, तेव्हा नागपूरच्या बाकावर वेगळ्या विदर्भाचा प्रतिनिधी बसलेला होता. विधेयक संमत झाले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले. १९६२ मध्ये नागपूरने ऐंशी उलटलेल्या त्याच अपक्षाला पुन्हा दिल्लीस पाठविले. राज्य होऊन दोन वर्षे झाल्यावर दिलेले हे मत होते. ते रागाच्या भरातले होते, असे म्हणता येणार नाही.

त्या मताचे पुढे काय झाले? १९७१ साली जांबुवंतराव धोटे यांना नागपूरने याच मागणीवर निवडून दिले. १९८० मध्ये धोटे इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून निवडून आले. १९५३ च्या नागपूर कराराने दिलेल्या आश्वासनांपैकी विधिमंडळाचे नागपूर अधिवेशन तेवढे डोळ्यांना दिसते. १९९४ साली आलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अण्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी राज्याचे महाधिवक्ता असताना विदर्भ व मराठवाड्याच्या वेगळेपणाविषयी आपले मत बोलून दाखविले. गदारोळ झाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी पद सोडले. आजोबांचा गुण म्हणावा, तर तो येथे वेळेवर दिसला.

विदर्भ वेगळा व्हावा की न व्हावा, याविषयी या शहरात दोन मते आहेत आणि दोन्हींत विचारी माणसे आहेत. सिंचन, वीज, कापूस आणि संत्रा यांचा हिशेब मांडून दोन्ही बाजू बोलू शकतात. आमची तक्रार निराळी आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्याने खासदाराचे मत पक्षादेशाला बांधून टाकले. घाऊक पक्षांतराचा बाजार पाहता त्या कायद्याची गरज होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या कायद्याखाली १९३४ चे अणे कोठे बसले असते? निवडणुकीच्या सभेत वेगळ्या विदर्भाचा कैवार घ्यावयाचा आणि दिल्लीस गेल्यावर पक्षाने परवानगी दिली नाही म्हणून मौन धरावयाचे, ही सोय मात्र त्या कायद्याने दिलेली नाही. तो मतदानापुरता आहे. सभागृहात उभे राहून बोलण्यास त्याची आडकाठी नाही.

आयोगाने १९५५ साली तेलंगणाचाही वेगळा विचार सुचविला होता. ते राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. त्याच अहवालातील विदर्भाच्या प्रकरणाला लोकसभेने अद्याप होय म्हटलेले नाही आणि विचारपूर्वक नाहीही म्हटलेले नाही. नागपूरचे आणि विदर्भाच्या इतर मतदारसंघांचे खासदार, मग ते कोणत्याही बाकावर बसोत, येत्या अधिवेशनात हा प्रश्न नाव घेऊन उपस्थित करतील काय? वेगळे राज्य नको असे ज्यांचे मत असेल, त्यांनी तसे सांगावे, कारणे द्यावीत, ती आम्ही पहिल्या पानावर छापू.