आपलं चित्र, मशीनचे टाके

वहीत काढलेली जास्वंद भरतकाम मशीनवर उतरवता येते, आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. इंकस्केप आणि त्याला जोडलेलं इंकस्टिच, दोन्ही मोफत आहेत. चित्राचा फोटो घ्या आणि इंकस्केपमध्ये त्यावरून रेषा स्वतः गिरवा. आपोआप ट्रेस केलं की नको तितके बारीक तुकडे पडतात, दोरा सारखा तुटतो.

मग खरी मजा! प्रत्येक भागाला टाका ठरवायचा. पाकळ्यांना भरीव टाके, मधल्या दांड्याला साटीन, शिरांना साधा धावदोरा. पाकळीतल्या टाक्यांची दिशा देठाकडून टोकाकडे ठेवा. उजेड पडला की फूल जिवंत वाटतं. भरीव टाक्यांच्या ओळींमधलं अंतर साधारण ०.४ मिमी ठेवा.

दोरा कापडाला टाक्याच्या दिशेने आत खेचतो, म्हणून गोल आकार लंबगोल होतो. त्या दिशेने आकार किंचित वाढवा, आणि वरच्या टाक्यांआधी खाली विरळ आधारटाके घाला. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडामागे कट-अवे स्टॅबिलायझर (आधाराचं अस्तर) हवाच.

शेवटी फाइल आपल्या मशीनला चालेल अशी सेव्ह करा: ब्रदरला पीईएस, जॅनोमला जेईएफ. पहिला नमुना मात्र चिंधीवरच काढा.