कंपवाताची ओळख (भाग ६) : मेंदूत तार, हातात तिकीट

लेव्होडोपाच्या गोळीचा असर काही वर्षांनी कसा आखूड होत जातो, ते गेल्या आठवड्यात पाहिले. गोळी लागू पडली की माणूस हिंडतो-फिरतो, असर ओसरला की जागच्या जागी थिजतो. मधूनच अंग आपोआप वेडेवाकडे हलू लागते. अशा वेळी डॉक्टर ‘डीबीएस’चे, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनचे नाव काढतात.

हा उपाय सापडला फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात, १९८७ साली. कंप थांबवण्यासाठी मेंदूतल्या थॅलॅमसचा चिमुकला भाग जाळून टाकण्याची शस्त्रक्रिया तेव्हा रूढ होती. जागा नेमकी आहे ना, हे आधी विजेचा सौम्य प्रवाह देऊन तपासत. स्पंदने सेकंदाला शंभरच्या आसपास नेली की कंप तिथल्या तिथे थांबतो आणि प्रवाह तोडला की परततो, हे तिथले मेंदू-शल्यविशारद अलीम-लुई बेनाबिद यांनी हेरले. मग जाळायचे कशाला? तार आतच ठेवून प्रवाह चालू ठेवला तर? नव्वदचे दशक संपता संपता मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया सुरू केली होती.

कंपवातात तार बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये बसवतात. शेंगदाण्याहूनही लहान अशी ही जागा. तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची. रुग्णाला अनेकदा जागे ठेवून हाताची मूठ उघड-मीट करायला लावतात. बॅटरी छातीच्या वरच्या भागात, कातडीखाली.

इथवरची गोष्ट सगळेच सांगतात. खरे काम पुढे आहे. प्रवाह किती, स्पंदने किती, तारेवरचे कोणते टोक चालू ठेवायचे, हे रुग्णागणिक ठरते. त्याला प्रोग्रामिंग म्हणतात, आणि पहिल्या काही महिन्यांत त्यासाठी पुन्हा पुन्हा जावे लागते. सोबत गोळ्यांचे प्रमाणही बदलत राहते.

नांदेड-लातूरच्या घरांचा कस लागतो तो इथे. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेस एकीकडे मुंबईला जाते, दुसरीकडे सिकंदराबादला. हैदराबादचे निम्स रुग्णालय त्यामुळे कित्येकांना मुंबईपेक्षा जवळ पडते. लातूरकर मुंबई-पुण्याची वाट धरतात. प्रत्येक खेपेला सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते, मुक्कामाचा खर्च पडतो. म्हणून काही लाखांच्या खर्चाची जुळवाजुळव करण्याआधीच डॉक्टरांना विचारायला हवे: नंतरचे प्रोग्रामिंग कोण करणार, किती वेळा बोलावणार? दूरवरून, इंटरनेटवर प्रोग्रामिंग करता येणारी यंत्रेही आता निघाली आहेत. आपले यंत्र त्यातले आहे का, हेही विचारावे.

शस्त्रक्रियेआधी रुग्णाची गोळी थांबवून, मग गोळी देऊन हालचालींतला फरक मोजतात. गोळीने जे सुधारते, तेच बहुधा डीबीएसने सुधारते. कंप मात्र गोळीला दाद देत नसला तरी आटोक्यात येऊ शकतो. तोल जाणे, बोलणे अस्पष्ट होणे, विसराळूपणा यांवर डीबीएसचा भरवसा धरू नये. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते. चार्ज होणारी पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक टिकते, पण महाग पडते.

पुढच्या भागात : मान आणि हातपाय पिळवटणारा डिस्टोनिया.