‘डिड नॉट केम’ : एका चुकीचे व्याकरण

पाचगणीच्या बाजारपेठेत मी वाढले. या एका वाक्यावरून लेख लिहिणारी बाई आहे हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ‘मी पाचगणीत इंग्रजी शिकवले’ असे लिहिले असते, तर आले नसते. ‘वाढले’ हे क्रियापद माझ्याकडे पाहते, ‘शिकवले’ हे इंग्रजीकडे पाहते. मराठी भूतकाळाची ही खोड आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती खोड आहे हेच आपण विसरतो. मला तिची आठवण एका मुलीने करून दिली, आणि त्यासाठी तिला जी किंमत मोजावी लागली तिचे माप माझ्या पदरात आहे.

पाचगणी हे निवासी शाळांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी हवेसाठी ते वसवले आणि मागोमाग शाळा आल्या. देशोदेशींची मुले इथे शिकली. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झालेला फारूख बलसाराही त्यांतलाच. पण याच गावात मराठी शाळाही आहेत. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईवडील त्या निवासी शाळांत स्वयंपाकी, माळी, पहारेकरी, नाहीतर पोटासाठी मुंबईला गेलेले. इंग्रजी त्यांच्या कानांवर रोज पडे, पण कुंपणापलीकडून. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. म्हणजे आठवीतल्या मुलाच्या पाठीशी जेमतेम तीन वर्षांचे इंग्रजी असे.

आठवीच्या वर्गाला मी एकदा ‘दिवाळीची सुट्टी’ हा निबंध दिला. एका मुलीने सहा ओळी लिहिल्या होत्या. चौथी ओळ अशी: ‘माय फादर डिड नॉट केम.’ तिचे वडील मुंबईत माथाडी होते. मी ओळ मोठ्याने वाचली, फळ्यावर ‘डिड नॉट केम’ लिहून त्यावर फुली मारली आणि साऱ्या वर्गाकडून ‘डिड नॉट कम, डिड नॉट कम’ असे घोकून घेतले. चाळीस मुले एका सुरात म्हणत होती की हिचे वडील आले नाहीत. मला मात्र त्यात फक्त ‘केम’ ऐकू येत होते. त्यानंतर त्या मुलीने वर्गात हात वर केला नाही. तिचे निबंध ‘माय स्कूल इज बिग’ अशा वर्तमानकाळात राहू लागले. वर्तमानकाळात चुका कमी होतात.

ती चूक का झाली हे शोधायला मला बरीच वर्षे लागली. उत्तर मात्र घरातच होते. ‘वडील आले नाहीत’ हे वाक्य पाहा. नकार ‘नाहीत’ने दिला, पण भूतकाळ ‘आले’मध्ये जागच्या जागी राहिला. प्रश्नातही तेच: ‘वडील आले का?’ इथला ‘का’ फक्त विचारतो; काळाचे ओझे ‘आले’च वाहते. इंग्रजीत मात्र ‘डिड’ आला की तो क्रियापदाच्या डोक्यावरचे भूतकाळाचे गाठोडे आपल्या डोक्यावर घेतो, आणि क्रियापद मोकळे होऊन मूळ रूपात चालते: ‘डिड नॉट कम’, ‘डिड ही कम?’ त्या मुलीने ‘डिड’ला आपला ‘का’ समजून घेतले आणि ‘डिड नॉट’ला आपले ‘नाहीत’. मग ‘आले’साठी ‘केम’ लिहिणे भागच होते. तिने नियम मोडला नव्हता. तिने मराठीचा नियम काटेकोरपणे पाळला होता. खुद्द इंग्रजीतही ही ‘डिड’ची सक्ती फार जुनी नाही. शेक्सपिअरच्या काळात ‘डिड’शिवायही प्रश्न आणि नकार चालत असत.

एवढे उमगल्यावर बाकीच्या चुकाही वेगळ्या दिसू लागल्या. ‘आय हॅड गॉन टू वाई येस्टरडे’ हे वाक्य आपल्याकडे शिकलेली माणसेही सर्रास बोलतात. पसरणीचा घाट उतरून वाईला जायचे, बाजार करून परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे, ‘काल मी वाईला गेले होते.’ मराठीत हे चोख आहे. ‘होते’ म्हणजे गेले आणि ते जाणे आता संपले. मी परत आले. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला एवढे पुरत नाही. त्याला भूतकाळातच दुसरी एक घटना लागते, जिच्याही आधी हे घडले: ‘मी स्टँडवर पोचले तेव्हा बस सुटली होती.’ इथे ‘हॅड लेफ्ट’ हवेच. पण एकटीच घटना असेल आणि सोबत ‘काल’ असेल, तर इंग्रजी साध्या भूतकाळावर भागवते: ‘आय वेंट टू वाई येस्टरडे.’ गोंधळाचे मूळ आपल्या पुस्तकांतल्या नावांत आहे. मराठीच्या तासाला ‘गेले होते’ला पूर्ण भूतकाळ म्हणतात आणि इंग्रजीच्या तासाला ‘हॅड गॉन’लाही पूर्ण भूतकाळच. नाव एक, काम वेगळे.

आणखी एक गंमत बसस्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात रोज ऐकू येते. गिऱ्हाईक हाक मारते आणि आतून पोऱ्या ओरडतो, ‘आलो, आलो!’ तो अजून आलेला नसतो. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटले तर ऐकणारा चक्रावेल. म्हणजे आपले ‘ला’चे रूप केवळ काळ सांगत नाही, काम झाले, किंवा झालेच म्हणून समजा, असे ते सांगते. म्हणूनच ‘पाऊस आला तर’ हे उद्याबद्दल बोलतानाही चालते. मराठी व्याकरणात या रूपाला ‘लाख्यात’ असेही नाव आहे. ते काळावरून पडलेले नाही, रूपावरून पडलेले आहे, आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

याचे मूळ इतिहासात आहे. ‘गेला’ हे संस्कृत ‘गत’पासून आलेले. मुळात ते क्रियापदापेक्षा विशेषणाच्या जवळचे, म्हणून लिंगवचन आजही त्याला चिकटून आहे. ‘रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फळ खाल्ले’ यात राम तोच, पण क्रियापद ताटातल्या वस्तूप्रमाणे बदलते. दादोबा पांडुरंगांच्या 1836 च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आपले व्याकरणकार प्रयोगांचा विचार करत आले तो उगाच नव्हे. इंग्रजी साधा भूतकाळ त्यापुढे अगदी अबोल आहे. गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेलात, गेला, गेली, गेल्या या सगळ्यांसाठी तिथे एकच शब्द: ‘वेंट’. कोण गेले, बाई की बुवा, एक की अनेक, याची त्याला फिकीर नाही. फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांनी तेवढा भेद राखला आहे. मुलांना हे सांगितले की त्यांचे चेहरे उजळतात. तुम्ही आठ रूपे न चुकता बोलता, तिथे एकच आहे, मग भ्यायचे कशाला?

‘गो’चे ‘वेंट’ कसे झाले, हा प्रश्न हमखास येतो. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप. ‘गो’ने ते उसने घेतले. मग मी विचारते, ‘जा’चे ‘गेला’ कसे झाले? वर्ग गप्प होतो. आपले ‘जा’ संस्कृत ‘या’पासून आले आणि ‘गेला’ ‘गम्’पासून. दोन्ही भाषांनी त्याच क्रियापदाच्या बाबतीत तीच उसनवारी केली. माझा नातू लहानपणी ‘मी करलं’ म्हणायचा. इंग्रज मूल त्याच वयात ‘गोएड’ म्हणते. रोजच्या वापरातली क्रियापदेच वाकडी राहतात, कारण ती इतक्यांदा तोंडी येतात की त्यांना सरळ करायला कोणाला फुरसत मिळत नाही. ‘केला’, ‘मेला’, ‘आला’ पाहा. ‘वेंट’, ‘केम’, ‘एट’ पाहा.

2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आहे. ‘डिड’ आता लहानपणीच भेटतो, पण ‘डिड नॉट केम’ गेलेले नाही, कारण मुलांच्या आतली मराठी तीच आहे. निवृत्तीनंतर मी संध्याकाळी काही मुलांना शिकवते. भूतकाळाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर इंग्रजी लिहीत नाही. ‘आले’, ‘आले का?’, ‘आले नाहीत’ अशी तीन मराठी वाक्ये लिहिते आणि भूतकाळ कुठे बसला आहे ते शोधायला सांगते. तिन्हीकडे तो एकाच जागी सापडतो. मग शेजारी इंग्रजी वाक्ये मांडते आणि गाठोडे कोणाकडून कोणाकडे गेले ते मुलेच दाखवतात.

वहीत लाल शाईही मी अजून वापरते. चूक ती चूकच. पण आता वाक्य आधी पूर्ण वाचते. मागच्या दिवाळीनंतर एका मुलाने लिहिले, ‘माय ब्रदर डिड नॉट केम.’ मी पेन खाली ठेवले आणि विचारले, ‘का रे, का नाही आला?’ सुट्टी मिळाली नाही म्हणाला. थोडा वेळ त्याच्या भावाबद्दल बोललो. ‘केम’चे ‘कम’ आम्ही त्यानंतर केले.