वारसा नाकारणारा मुलगा

ॲनिमेशन म्हणजे मुलांचे, ही समजूत आपल्या घरांत अजून पक्की आहे. कोलशेतच्या एखाद्या संकुलात शाळकरी मुलाने रंगीत पोशाखातला उडता नायक पडद्यावर लावला, की मोठी माणसे निर्धास्तपणे हिशेबाच्या वह्यांकडे वळतात. ॲमेझॉन प्राइमवर २६ मार्च २०२१ रोजी आलेली ‘इन्व्हिन्सिबल’ ही मालिका पहिल्याच भागाच्या अखेरीस त्या समजुतीला तडा देते. जगाचा रक्षक मानला जाणारा ऑम्नी-मॅन आपल्याच सहकाऱ्यांची निर्घृण हत्या करतो.

रॉबर्ट कर्कमन यांच्या २००३ साली सुरू झालेल्या चित्रकथेवर आधारलेल्या या पहिल्या पर्वाचे आठ भाग मात्र एकसारखे उतरलेले नाहीत. परक्यांच्या स्वाऱ्या, मंगळाची सफर, महाविद्यालयाची भेट, असे पुष्कळ काही मधे येते आणि बापाने हे का केले, हा मूळ प्रश्न ताटकळत राहतो. मार्क आणि अँबर यांच्या रुसव्याफुगव्यांना तर गरजेपेक्षा अधिक वेळ मिळाला आहे. चित्रांकन कुठे रेखीव, कुठे उरकल्यासारखे. पहिल्या रक्तपाताला कथेत कारण होते; पुढे तो सवयीने येतो, आणि सवयीची हिंसा पाहणाऱ्याचे मन बधिर करते.

या पसाऱ्यात आईचे कथानक सर्वांत सकस आहे. डेबी घरे विकून देण्याचा व्यवसाय करते. (ठाण्यात तिला कामाची वाण पडली नसती.) पतीचा रक्ताने माखलेला पोशाख हाती लागल्यावर ती आकांत करत नाही, एकेक धागा जुळवत, मनातल्या मनात खचत जाते. सँड्रा ओ यांच्या आवाजात हे खचणे स्पष्ट ऐकू येते.

शेवटच्या भागात बाप मुलाला सत्य सांगतो. पृथ्वी विल्ट्रम साम्राज्याला जोडण्यासाठी तो आला आहे आणि मुलानेही हेच कार्य पुढे न्यावे, अशी त्याची अपेक्षा आहे. मुलाला पेढीवर बसवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या घरांना ही भाषा अगदीच परकी वाटणार नाही. मार्क नकार देतो आणि मरणाच्या दारापर्यंत मार खातो. पाचशे वर्षांनी तुझ्याजवळ काय उरेल, या प्रश्नावर तो वडिलांकडेच बोट दाखवतो. उगारलेली मूठ थबकते. बाप पृथ्वी सोडून निघून जातो.

मालिका प्रौढांसाठीच आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अशा कार्यक्रमांना पालकांचे कुलूप लावण्याची सोय ओटीटी मंचांना द्यावी लागते. पिन मात्र घरातल्यांनीच ठरवायचा असतो.