रटगर्सचा अल्पसंतुष्ट कारभार

रॅरिटन नदीच्या काठी, पिस्कॅटवे येथे, रटगर्स विद्यापीठाचे जे विस्तीर्ण क्रीडांगण आहे, त्यात बावन्न हजारांहून अधिक प्रेक्षक बसू शकतात. आणि ज्या संस्थेचे ते आहे, तिने 6 नोव्हेंबर 1869 रोजी नदीपलीकडील न्यू ब्रन्झविकमध्ये प्रिन्स्टनचा 6-4 असा पराभव करून अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा आद्य सामना जिंकला होता. त्याच प्रिन्स्टनवरचा दुसरा विजय मात्र 1938 साली, पिस्कॅटवेच्या नव्या मैदानाच्या उद्घाटनप्रसंगी लाभला. एवढ्या प्राचीन वारशाचे ओझे वाहणाऱ्या संस्थेने सामान्य यशावर समाधान मानावे, याचे मला मनापासून दुःख होते.

ग्रेग शियानो यांनी 2001 मध्ये प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा पहिल्या दोन हंगामांत मिळून अवघे तीन विजय पदरी पडले. तरीही कारभाऱ्यांनी धीर सोडला नाही, आणि 9 नोव्हेंबर 2006 च्या रात्री देशात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या लुईव्हिलला 28-25 असे नमवून संघाने तो धीर सार्थ केला. पण त्या रात्रीने कारभाऱ्यांना जो धडा दिला, तो मला घातक वाटतो: पैसा ओतावा, वाट पाहावी, आणि मधल्या काळात कोणी जाब विचारू नये. त्याच वर्षी पोहणे, तलवारबाजी, टेनिस, नौकानयन यांतील सहा संघ बंद करण्याचा निर्णय झाला, आणि पुढे दहा कोटींहून अधिक डॉलर खर्चून मैदान वाढवण्यात आले.

शियानो 2012 मध्ये व्यावसायिक फुटबॉलकडे वळले. 2014 मध्ये रटगर्सला महाविद्यालयीन संघांच्या बिग टेन परिषदेत प्रवेश मिळाला, आणि मला वाटते, खरी सुस्ती तेथूनच अंगात भिनली. कारण परिषदेच्या दूरचित्रवाणी-उत्पन्नातील वाटा जयापजयावर ठरत नाही. 2016 मध्ये मिशिगनने याच मैदानावर 78-0 अशी धूळ चारली. तेव्हाच्या प्रशिक्षकांना चाळीसपैकी बत्तीस सामने हरल्यावर बडतर्फ करण्यात आले, आणि 2019 च्या अखेरीस शियानोंनाच आठ वर्षांसाठी, तीन कोटी वीस लाख डॉलरच्या करारावर परत बोलावण्यात आले. 2023 च्या हंगामात सात विजय आणि सहा पराजय झाले, आणि त्याच सुमारास त्यांच्या कराराची मुदत 2030 पर्यंत वाढली. पुढच्या वर्षीही निकाल तोच राहिला, आणि 2025 मध्ये पाच विजयांपुढे सात पराजय उभे राहिले.

शियानोंनी बुडत्या संघाला दोनदा सावरले, हे निर्विवाद आहे, आणि खेळाडूंच्या कष्टांविषयी तर शंकाच नको. दोष आहे तो मुदतवाढीच्या कागदावर सही करताना अपेक्षित यशाची इयत्ता न लिहिणाऱ्या दप्तराचा. एडिसन-पिस्कॅटवे परिसरातील कितीतरी मराठी घरांतील मुले या विद्यापीठात शिकतात, आणि क्रीडाविभागाची तूट भरून काढताना त्यांच्या शुल्कातूनही रक्कम जाते; तेव्हा पुढील करारापूर्वी नियामक मंडळाने त्या इयत्तेचा मसुदा या मुलांच्या पालकांपुढे जाहीरपणे ठेवावा, ही मागणी रास्तच आहे.